पपईची बशी

पेणमध्ये सावनी करंदीकरने वकिलीची पाटी करायला दिली, तेव्हा रंगाऱ्याने मजकूर पुन्हा पुन्हा वाचून घेतला. ‘तंत्रज्ञान करार, खासगी माहितीचे संरक्षण व नोकरीविषयक कायदा.’ मग तो म्हणाला, “मॅडम, खाली जागा उरतेय. ‘सातबारा, वारसनोंद’ टाकू का? लोकांना बरं पडतं.” सावनीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने निमूट ब्रश धुतला.

रंगाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये परदेशी कंपन्यांचे करार लिहून सावनी गावी परतली होती, कारण वडील गेले होते आणि आई एकटी होती. पण पेणमध्ये माहितीचं संरक्षण म्हणजे काय, हे कुणाला पटवून देणं अवघड होतं. एक गृहस्थ मोबाइलचा डेटा दुपारीच संपतो अशी तक्रार घेऊन आले. गणपतीच्या एका कारखानदाराने परदेशातल्या ऑर्डरींसाठी तिच्याकडून जाडजूड करार करून घेतला, त्याला प्लास्टिक चढवून देवाच्या तसबिरीशेजारी टांगला, आणि व्यवहार मात्र पहिल्यासारखा फोनवरच केला. बाकी जे येत, ते सातबाऱ्यासाठीच येत. ती त्यांना शेजारच्या वकिलांचा पत्ता देई.

ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. तिथे तिचे वडील, दामोदर मास्तर, मुलांना इंग्रजीचं व्याकरण शिकवायचे. व्याकरणात लपवण्यासारखं काही नसल्यामुळे ती खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार कधी बसलंच नाही. फुलाफुलांचा एक पडदा होता, तो अजून होता. त्या पडद्यातून सावनीची आई, वृंदाताई, दिवसभर ये-जा करायच्या. अशील आणि पाहुणा यांत फरक असतो हे त्यांना मान्य नव्हतं. आलेला माणूस तोंडात काही न घालता गेला, तर तो आपल्या घराबद्दल काय म्हणेल, ही त्यांची काळजी. सावनीने दोन-चारदा समजावून पाहिलं आणि सोडून दिलं.

आणि एका सकाळी नूतन आली. कासूची. रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. खुर्चीच्या काठावर बसत तिने आधी दाराकडे पाहिलं.

“मॅडम, एक विचारायचंय. पण बाहेर नाय ना जाणार?”

हे वाक्य ऐकायला सावनीचे कान किती दिवस आसुसले होते! तिने लॅपटॉप बंद केला, हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “या चार भिंतींबाहेर एक शब्द जाणार नाही. हा माझा शब्द.”

चार भिंतींपैकी एक पडद्याची होती, हे मात्र ती विसरली.

नूतनचं म्हणणं सरळ होतं. तिची उमेदवारी या महिन्यात संपत होती. कायम केल्याचं पत्र येणार, असं साहेब स्वतः म्हणाले होते. आणि तिला दिवस गेले होते. अजून दोन महिनेही झाले नव्हते. नवरा आदर्श आणि सासू बायजा, एवढ्या दोघांनाच ठाऊक. “आमच्या आई म्हणतात, चोरओटी होईस्तोवर कुणाला कळता नये. पण कंपनीला सांगायला लागतं का, ते मला ठरवता येईना. त्या लॅबमध्ये माझ्याआधी बाई टिकली नाय, मॅडम. आता ही गेली, तर बाळ झाल्यावर मला कोण उभं करणार? बी.एस्सी. करून मी घरी बसू?”

चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात घरच्या आणि अगदी जवळच्या चार बायकांनी गुपचूप भरायची ओटी. ना मांडव, ना फोटो, ना आमंत्रण. त्याआधी अवाक्षर काढायचं नाही, त्यानंतर हळूहळू कळू द्यायचं. सावनीला हे ऐकून फार बरं वाटलं. संसदेने एवढी वर्षं घेऊन केलेला खासगी माहितीचा कायदा बायजाबाईंच्या घरात एका वाक्यात होता.

“काही सांगायची गरज नाही,” ती म्हणाली. “तुमच्या शरीराची माहिती तुमची. कुणाला, कधी, कशासाठी द्यायची, ते तुम्ही ठरवायचं.” ती रंगात येऊन संमतीबद्दल बोलू लागली, तेवढ्यात पडदा हलला आणि वृंदाताई बशी घेऊन आल्या. बशीत परसातल्या झाडाच्या पपईच्या केशरी फोडी.

“घे गं. झाडावर पिकलेली आहे.”

नूतनचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. ती काही बोलणार, त्याआधी सावनीच ओरडली, “आई, पपई नको!”

“का गं? गोड आहे.”

“नको म्हटलं ना. तिला दुसरं काहीतरी आण.”

वृंदाताईंनी बशीकडे पाहिलं. मग नूतनकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि लिंबाचं सरबत घेऊन आल्या. “सावकाश पी हो, बाळा,” असं म्हणून पडद्याआड दिसेनाशा झाल्या. सावनीने संमतीचा मुद्दा सोडला होता तिथून पुढे चालू केला.

पत्र आलं, पण भलतंच. ‘आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही.’ खाली मनुष्यबळ विभागाचे दत्तात्रेय ठोंबरे यांची सही. नूतन ते पत्र घेऊन सावनीसमोर बसली आणि घळाघळा रडली. “माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाय, मॅडम. मागच्या महिन्यात सगळ्यांपुढे शाबासकी दिली मला. मग आताच काय झालं? त्यांना कळलं. नक्की कळलं. पण सांगितलं कुणी?”

“कंपनीने फोनमध्ये काही घ्यायला लावलं होतं?” सावनीने विचारलं.

होतं. आरोग्याचं एक ॲप. सगळ्या कामगारांना सक्तीचं. त्यात वजन, झोप, आणि बायकांसाठी पाळीची तारीख. नूतनने तारीख इमानदारीने भरली होती, आणि पुढल्या महिन्यात भरली नव्हती.

खरं सांगायचं तर सावनीला आनंद झाला. वाईटही वाटलं, पण आनंद आधी झाला. पाटी लावल्यापासून ज्या खटल्याची ती वाट पाहत होती, तो आपल्या पायांनी चालत खुर्चीत येऊन बसला होता. तिने कंपनीला आणि ॲपवाल्यांना एक नोटीस लिहिली. काय ती नोटीस! तिच्यात संमती होती, विश्वासभंग होता, परदेशातले दाखले होते. नोकरीचा मुद्दा शेवटच्या पानावर, जागा उरली म्हणून आल्यासारखा होता. ती वाचून तिला स्वतःलाच भरून आलं.

उत्तर मात्र थंड आलं. ॲपवाल्यांनी तांत्रिक अहवाल जोडला होता: प्रत्येकाची माहिती त्याच्याच फोनमध्ये राहते, कंपनीला एक आकडाही दिसत नाही. सावनीने मुंबईच्या ओळखीच्या माणसाकडून तो तपासून घेतला. अहवाल खरा होता. आणि कंपनी म्हणत होती, या बाई गरोदर आहेत हे आम्हाला आपल्या नोटिशीतूनच प्रथम कळले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन.

सावनीचं तोंड कडू झालं. गरोदर आहे म्हणून कुणाला काढता येत नाही. पण कंपनीला ते ठाऊकच नसेल, तर ते ‘म्हणून’ आणायचं कुठून?

त्या संध्याकाळी मायलेकी वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. सावनीचं लक्ष नव्हतं, साली डाळिंब्यांत आणि डाळिंब्या सालींत पडत होत्या. वृंदाताई आपल्या नादात म्हणाल्या, “काय तरी माणूस तो ठोंबऱ्यांचा दत्ता! बायकोने एवढ्या मायेने त्या पोरीला कैरीचं लोणचं पाठवलं, आणि याने तिला कामावरून काढलं. सुरभी आठवडाभर बोलत नाहीये त्याच्याशी.”

सावनीच्या हातातला वाल हातातच राहिला. “कोण सुरभी?”

“आमच्या भजनातली. ठोंबऱ्यांची बायको. तुला सांगितलं होतं मी, तू ऐकत कुठे असतेस?”

“तिने नूतनला लोणचं का पाठवलं?”

वृंदाताईंनी एक वाल सोलला, दुसरा सोलला. “मीच म्हटलं होतं. पोर वाळलीये, तोंडाला चव नसेल, तुझ्याकडे ताजं लोणचं असेल तर दे म्हटलं. तुझा नवरा त्याच कंपनीत आहे, नीट पोचेल.”

“आई! तुला कुणी सांगितलं की ती...”

“कुणी कशाला सांगायला हवं? तूच नाही का ओरडलीस, ‘आई, पपई नको’ म्हणून? लग्न झालेली मुलगी, पपईला हात लावत नाही, लिंबाचं सरबत घटाघट पिते. चार बाळंतपणं पाहिलीयेत मी.” आणि मग लेकीचा चेहरा पाहून त्या घाईघाईने म्हणाल्या, “आणि सुरभीला बजावलं होतं हो मी, कुणाला सांगू नकोस म्हणून!”

सावनी उठून पुढच्या खोलीत गेली आणि अंधारात खुर्चीवर बसली. परदेशातले दाखले, तांत्रिक अहवाल, मुंबईचा माणूस, आणि चोर कुठे, तर पडद्यात. पडद्यातही नाही, तिच्या स्वतःच्या जिभेवर. तिला आईचा राग यावा असं फार वाटत होतं, पण तो काही केल्या नीट येईना.

सकाळी तिने आईला विचारलं, “कामगार अधिकाऱ्यांपुढे बैठक लागलीये. हे सगळं तिथे सांगशील? तू सुरभीकाकूंना सांगितलंस एवढंच.”

वृंदाताईंनी कानांवर हात ठेवले. “छे गं बाई! चोरओटीच्या आधीचं असं कचेरीत बोलतात का? त्या पोरीला दृष्ट लागेल.”

“भजनात चालतं?”

“भजन वेगळं.”

सुरभी ठोंबरेही तेच म्हणाली. भजनातल्या आणखी दोघीही तेच म्हणाल्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि एकही बाई तोंड उघडायला तयार नव्हती. आयुष्यभर लोकांना गुप्तता शिकवायला निघालेली सावनी आता दारोदार फिरून बायकांना ती मोडण्याची गळ घालत होती. तिला हसू आलं असतं, पण नूतनची नोकरी गेली होती.

ती गाडीने कासूला गेली. नूतनच्या घरी सगळं खरं सांगितलं, पपईपासून लोणच्यापर्यंत. नूतन ऐकत गेली आणि तिचा चेहरा घट्ट होत गेला.

“म्हणजे ॲप नाय. तुम्ही.”

“मी.”

“मॅडम, मी सख्ख्या आईला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं.” तिचा आवाज चिरला. “तुम्ही शब्द दिला होता. चार भिंती म्हणाला होतात.”

बायजाबाई उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जाऊ दे गो नूतन. बायकांच्या जातीपासून हे कदी लपलंय? माज्या येळेला तर माज्या आदी शेजारणीला कळलेलं. पन नोकरीचं काय ते बगा बाई तुमी.”

“लोणचं तुम्हाला कुणी दिलं?” सावनीने विचारलं.

“ठोंबरे सरांनीच. माझ्या टेबलावर बरणी ठेवली, म्हणाले मिसेसने दिलंय, बरणी तेवढी परत द्या,” नूतन म्हणाली. “मला वाटलं, कैऱ्यांचे दिवस आहेत, सगळ्यांनाच दिलं असेल.”

ठोंबरेही हेच म्हणणार, हे सावनीला दिसत होतं. एका बरणीने काय सिद्ध होतं? बरणीमागची गोष्ट सांगायची, तर ती सांगणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि ती व्यक्ती म्हणजे सावनी स्वतः. ‘माझ्या कार्यालयातून माझ्या अशिलाची माहिती फुटली’ असं तिने अधिकाऱ्यापुढे लिहून दिलं की पाटी उतरवायला रंगाऱ्याचीही गरज नव्हती.

“मी बैठकीत माझ्या तोंडाने सांगीन,” ती नूतनला म्हणाली. “लिहून देईन.”

“सांगा,” नूतन म्हणाली.

बैठक रोह्याला होती. कामगार खात्याचे अधिकारी त्या दिवशी तिथे आले होते, आणि कंपनीच्या मीटिंग रूमपेक्षा विश्रामगृह बरं, असं त्यांचं मत होतं. एका बाजूला ठोंबरे आणि मुंबईहून आलेले कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला सावनी आणि नूतन. मागे भिंतीला टेकून बायजाबाई, मांडीवर एक भरलेली पिशवी. रिकाम्या हाताने कुठे जायचं नाही हा त्यांचा नेम.

दत्तात्रेय ठोंबरे वाईट माणूस नव्हता. नीट भांग पाडलेला, समोरच्याला आधी बसा म्हणणारा, देवळात रांग न मोडणारा. वरून सांगितलं गेलं की सांगितलेलं करायचं, एवढाच त्याचा दोष. बायकोने दिलेली बरणी त्याने जितक्या इमानाने पोचवली, तितक्याच इमानाने त्या बरणीमागची बातमी वर पोचवली होती. आणि आता तितक्याच इमानाने तो सांगत होता, “नाही साहेब. आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. मला तर मुळीच नाही.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. “मग वकीलबाई? कंपनीला माहिती होती याचा काही आधार?”

सावनी उठली. फायलीतला कागद तिने बाहेर काढला. “आहे साहेब. माझं एक निवेदन आहे, आणि ते...”

“झालं का सायेब?” मागून बायजाबाई म्हणाल्या. “आमची गाडी हाय.” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या पिशवी घेऊन थेट ठोंबऱ्यांपुढे आल्या, पिशवीतून चिनी मातीची बरणी काढून त्यांच्या हातात दिली. आत पोह्याचे पापड दुमडून भरलेले होते. “ही तुमची बरनी. रिकामी कशी देनार? वैनींना सांगा, लोनचं बेस होतं. पोरीला पानी पचत नव्हतं, त्या लोनच्यावर दोन घास तरी गेले.”

ठोंबऱ्यांचा चेहरा खुलला. इतके दिवस घरात या लोणच्यावरून अबोला होता. त्यांनी झाकण आहे ना ते आधी पाहिलं, आणि ज्या आपुलकीने पेणमध्ये कुणीही विचारील, त्या आपुलकीने ते म्हणाले, “हो का? बरं झालं! उलट्या थांबल्या का मग? सुरभी रोज विचारत होती तेव्हा.”

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं.

“कसल्या उलट्या?”

ठोंबऱ्यांनी बरणी छातीशी धरली. “पित्ताच्या,” ते म्हणाले.

“पित्तावर लोणचं?” अधिकाऱ्यांनी विचारलं. ते तीन लेकींचे बाप होते, हे नंतर कळलं. “हे पत्र देण्याच्या आधी का नंतर?”

मुंबईच्या वकिलांनी आपली फाईल हळूच मिटली. ठोंबरे बरणीकडे पाहत राहिले. त्यांच्याबद्दल त्या क्षणी सावनीला खरोखर कणव आली. हा माणूस खोटं बोलायला अगदी तयार होऊन आला होता, फक्त विचारपूस करायची सवय त्याला घरी ठेवता आली नव्हती.

“वकीलबाई, तुमचं निवेदन होतं ना?” अधिकारी म्हणाले.

सावनीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. खोलीत सगळे तिच्याकडे पाहत होते. “आता गरज नाही, साहेब,” ती म्हणाली आणि कागद फायलीत सरकवला. तिला इतकं हलकं वाटलं की आपण हसतोय हेही तिच्या लक्षात आलं नाही. नूतनच्या मात्र आलं.

कंपनीने नूतनला परत घेतलं, कायम केल्याच्या पत्रासकट. पुढची रजाही कबूल केली. तडजोडीच्या मसुद्यात सावनीने गुप्ततेचं कलम घातलं: बैठकीतली कोणतीही गोष्ट कोणीही कोणालाही सांगू नये. कलम तिला चांगलं साधलं होतं. सह्या होऊन ती पेणला उतरली, तर स्टेशनबाहेरची फुलवाली विमलबाई गजरा पुढे करत म्हणाली, “या वकीलबाई! पित्तावर लोणचं म्हणे!” आणि पदर तोंडाला लावून हसली. ऑफिसात दोन बायका वाट पाहत होत्या. दोघी नोकरीच्याच कामाला आल्या होत्या, आणि दोघी आधी स्वयंपाकघरात जाऊन वृंदाताईंशी बोलून आल्या होत्या.

काही दिवसांनी नूतन आली. पुढच्या दाराने नाही, मागच्या. सावनीला तिचा आवाज पडद्यातून ऐकू आला. “काकू, गुरुवारी या. घरच्याच चार बायका. कुणाला बोलू नका.”

“छे, छे, मी कशाला बोलतेय!” वृंदाताई म्हणाल्या.

सावनी पडदा सारून आत गेली. नूतन तिला पाहून उभी राहिली. तिने पापडांचा पुडा काढून सावनीच्या हातात ठेवला. “तुमच्यासाठी. नोकरी परत मिळाली, ती तुम्ही मागे लागलात म्हणून. ते मी विसरणार नाय.”

“आणि गुरुवारी?” सावनीने विचारलं. विचारलं आणि लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

नूतनने मान खाली घातली नाही. “मॅडम, काकूंनी मला कधी शब्द दिला नव्हता. तुम्ही दिला होता. मोडलात ते चुकून, ते मला कळतं. पण त्या दिवशी कागद हातात होता तुमच्या. बरणी आली नसती, तर तुम्ही बोलला असता, तेही मला माहीत आहे. बरणी आली आणि तुम्ही खूश झालात. मी पाहिलं.”

वृंदाताई मध्ये काही म्हणायला गेल्या आणि गप्प बसल्या. या घरात असं क्वचितच घडे.

गुरुवारी वृंदाताई हिरवी साडी नेसून, खण-नारळ घेऊन कासूला गेल्या. जाताना लेकीसाठी टेबलावर बशी झाकून ठेवली होती. दुपारी सुतार आला आणि पडद्याच्या जागी दाराचं माप घेऊ लागला. मध्येच त्याने विचारलं, “कोणत्या बाजूने कडी लावू, मॅडम?” सावनीला ते सांगता येईना, म्हणून ती उद्या सांगते म्हणाली. तो गेल्यावर तिने बशीवरचं झाकण काढलं. पपईच्या फोडी होत्या. तिने सगळ्या खाल्ल्या. पपई खरंच गोड होती.